सामाजिक करारात सहभागी कोण होते?

प्रश्न: माणसे जन्मतः स्वतंत्र व समान असून राज्यसत्ता त्यांच्या संमतीवर उभी राहते, असे सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक सांगतो; संमतीने राज्यसत्ता उभारण्याच्या या कल्पनेलाच सामाजिक करार म्हणतात. मग गुलामगिरी व स्त्रियांचे पारतंत्र्य त्या विचाराशेजारी कसे नांदले? खोट अंमलबजावणीत की मुळातच?

उत्तर १: मुळातच, असे मला वाटते. प्रत्यक्षातला करार गोऱ्यांनी आपापसांत केला होता, अशी मांडणी तत्त्वज्ञ चार्ल्स मिल्स यांनी १९९७ मध्ये केली. लॉक स्वतः गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा भागधारक होता. १७८७ च्या अमेरिकी संविधानात प्रतिनिधिगृहातील जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे धरली गेली. त्यांना मत नव्हतेच, पण जागा मात्र मालकांच्या राज्यांना वाढवून मिळाल्या.

उत्तर २: राज्यशास्त्रज्ञ कॅरल पेटमन यांचे १९८८ चे विवेचन मला अधिक मूलगामी वाटते: या कराराच्या मुळाशीच पुरुषांची स्त्रियांवरील सत्ता आहे, असे त्या म्हणतात. विवाहाने पत्नीची शरीरसंबंधाला संमती कायमची गृहीत धरावी, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १९९१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सच्या निकालाने संपले. जी मागे घेता येत नाही, तिला संमती कसे म्हणावे?

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मात्र मिल्स कराराची कल्पना दुरुस्त करून वापरू पाहतात, तर पेटमन ती नाकारतात. या मतभेदावर अजून वाचायला हवे.