‘ळ’ने संपणारं नाव सुचवा (परळ, सोसायटीचा ग्रुप)

अमेय, ए-२०४: नमस्कार मंडळी. बारसं रविवारी, खालच्या हॉलमध्ये. मोठीचं नाव प्रांजळ, म्हणून धाकट्याचंही ‘ळ’ने संपणारं शोधतोय. नेटवरच्या याद्यांत नुसते रियांश, कियांश, विवांश. सुचवा काहीतरी.

नीलिमाताई, बी-३०३: अगदी! नातवाच्या प्लेग्रुपमध्ये श्रेयांश, रेयांश आणि वियांश आहेत. बाई एकाला हाक मारतात, तिघं येतात.

सावंत सेक्रेटरी: लांब कशाला जाता? परळ ठेवा.

मंगेश, सी-१०२: नळ. राजा होता, दमयंतीचा नवरा.

देसाई काकू, ए-४०१: नको रे बाबा. पहाटे अख्खी विंग ओरडत असते, ‘नळ आला का, नळ आला का’. पोरगं दचकून उठेल.

शाह भाभी, बी-५०२: आमच्या गुजरातीत पण ळ आहे हं. धवल नाव खूप चालतं आमच्यात. तुम्ही धवळ करा.

जोशी आजोबा, ए-१०१: अमेय, ‘ळ’ला कमी समजू नकोस. ऋग्वेदाची पहिलीच ऋचा ‘अग्निमीळे पुरोहितम्’. मराठीत मात्र ‘ळ’ने एकही शब्द सुरू होत नाही, बिचारा नेहमी मागेच उभा. आता नावं घे. प्रवाळ. मराळ, म्हणजे हंस. तमाळ, ज्याच्या सावळेपणाची उपमा कृष्णाला देतात तो वृक्ष. घननीळ. अढळ, ध्रुवाच्या पदावरून. मृणाळही आहे, पण ते हल्ली मुलींकडे गेलं. निखळ शब्द गोड, पण पोरगं कुठे धडपडलं की लोक ‘निखळला’ म्हणणारच. निश्चळ तर ठेवूच नको, रांगायला लागला की नावाची अब्रू जाईल.

अमेय, ए-२०४: आजोबा, पत्रिकेत हस्त नक्षत्र, पहिलं चरण. अक्षर ‘पू’ आलंय.

मंगेश, सी-१०२: पू आणि ळ? पुष्कळ!

देसाई काकू, ए-४०१: 😂😂 दोन मुलांवर पुष्कळच झालं.

जोशी आजोबा, ए-१०१: मंगेश, गप्प बस. अमेय, पत्रिकेतलं नाव कानात सांगायचं आणि हाक मारायचं वेगळं ठेवायचं. आमच्या घरी तसंच करतात.

नीलिमाताई, बी-३०३: मला प्रवाळ आवडलं. कोस्टल रोडच्या वेळी वरळी, हाजीअलीच्या खडकांवरची प्रवाळं काढून दुसरीकडे लावली ना, तेव्हा कळलं की आपल्या मुंबईच्या समुद्रातही ती असतात. इथल्या मुलाला शोभेल.

अमेय, ए-२०४: छान आहे. पण आमची आई म्हणाली, प्रवाळ म्हणजे पोवळं, मग मंगळाच्या अंगठीवरून चिडवतील.

देसाई काकू, ए-४०१: माझं ऐका. गॅलरीत उभं राहून हाक मारून बघा. घनऽऽनीळ! पार गेटपर्यंत जातं. प्रवाऽऽळ, तेही जातं. अढळ मात्र हाकलल्यासारखं वाटतं.

मृण्मयी, ए-२०४: सगळ्यांचे मेसेज आत्ता वाचले, बाळ झोपलं म्हणून. खरं सांगू का? प्रांजळला शाळेत सगळे प्रांजल म्हणतात, कारण इंग्रजीत एल लिहिलं की झालं. घरी ती प्रांजू. पूर्ण ळ फक्त सासूबाई म्हणतात, तेही तिच्यावर रागावल्या की. मग दोघांचे ळ जुळवून ऐकणार कोण, हे मी अमेयला पहिल्या दिवसापासून विचारतेय.

शाह भाभी, बी-५०२: लाडाचं नाव शेवटचं अक्षरच पहिलं खातं. आमचा हार्दिक, सगळ्यांना फक्त हार्दू माहीत आहे.

मंगेश, सी-१०२: आता कामाचं. घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, ती हॉस्पिटलकडून गेली का तेवढं विचारा. नाव नंतर घालता येतं, १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क, पुढे शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं, वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. तेव्हा ‘घननीळ मृण्मयी अमेय’ असं सलग म्हणून बघा, जीभ अडखळते का ते. दाखला हातात आला की मराठीतलं नाव आधी वाचा. ‘ळ’चा ‘ल’ झाला तर दुरुस्तीसाठी चपला झिजतात.

अमेय, ए-२०४: म्हणून बघितलं. अडखळत नाही.

मृण्मयी, ए-२०४: मग घननीळ. आत्याला कळवते. प्रांजूनं आत्ताच ‘घनू’ करून टाकलंय.

जोशी आजोबा, ए-१०१: करू दे. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणताना गोपाळ मात्र ‘ळ’सकट म्हणा सगळ्यांनी.

सावंत सेक्रेटरी: हॉल सकाळी १० ते दुपारी २. डिपॉझिट आजच भरा. चपला लिफ्टसमोर काढू नयेत. घुगऱ्या कमिटीसाठी वेगळ्या काढून ठेवाव्यात.