दोरा गुंततो तो का?

भरतकाम करताना दोरा सारखा गुंततो म्हणजे तो हलक्या प्रतीचा असणार, असं वाटू शकतं. तसं असेलही, पण नवशिक्यांना बहुतेकदा दोऱ्याची लांबी आणि पीळच नडतो. भरतकामाच्या लडीतला नेहमीचा सुती दोरा 6 पदरी असतो. साधारण 45 सेंटीमीटरचा तुकडा कापा, एकेक पदर वरच्या टोकाने सरळ ओढून वेगळा करा आणि मग हवे तेवढे (सुरुवातीला 2 किंवा 3) पुन्हा जुळवा. एकदम दोन-तीन ओढले की गुंता झालाच.

शिवाय टाके घालताना दोऱ्याला नकळत पीळ चढत जातो. अधूनमधून कापड उलटं धरून सुई मोकळी लोंबू द्या, गरगर फिरत ती पीळ सोडते. साखळी टाक्यात फरक लगेच दिसतो, कड्या भरीव आणि एकसारख्या बसतात.