बिनरंगी बेरिल की स्फटिक? घरी ओळखता येईल का

खडेप्रेमी_नाशिक
मामांनी जयपूरहून बिनरंगी खडा आणलाय, बरोबर १० कॅरेटचा, दुकानदाराने गोशेनाइट सांगून दिला, म्हणजे पाचू-ॲक्वामरीनच्याच घराण्यातलं बेरिल, फक्त रंग नाही. आमचे सराफ बघताक्षणी म्हणाले स्फटिक (क्वार्ट्झ) आहे. काचेवर ओरखडा काढून बघू का?

सह्याद्री७७
ओरखडा अजिबात नको हो! काच दोन्हींनी कापली जाते, स्फटिकाचा हार्डनेस (कठीणपणा, १ ते १० च्या मापात) ७ आणि बेरिलचा साडेसात ते आठ, कळणार काहीच नाही आणि उगाच पैलूची कड उडायची. पाण्यात बघा. कॅरेटच्या काट्यावर छोट्या प्लास्टिकच्या वाटीत पाणी ठेवून काटा शून्य करा, मग खडा बारीक नायलॉनच्या धाग्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवून धरा, तळाला-कडेला टेकू द्यायचा नाही. १० कॅरेटला आकडा ३.६८ च्या आसपास आला तर बेरिल, ३.७७ आला तर स्फटिक, २.८ आला तर पांढरा टोपाझ.

अनुजा_रत्नपारख
दादांची पद्धत बरोबर आहे, टोपाझ तर लगेच बाजूला पडतो. पण बेरिल आणि स्फटिकात फरक जेमतेम ९ सेंटचा (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग), आणि खड्याला हवेचा बुडबुडा चिकटला की आकडा वाढतो आणि चांगलं बेरिल स्फटिक वाटायला लागतं, म्हणून पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका. शिवाय बेरिलची घनता खड्यागणिक थोडी बदलते, त्यामुळे मी तरी रिफ्रॅक्टोमीटरशिवाय (खड्यात प्रकाश किती वळतो, म्हणजे अपवर्तनांक, मोजायचं यंत्र) नाव देत नाही. त्यावर स्फटिक १.५४-१.५५, बेरिल साधारण १.५७-१.५८, इथे घोळ होत नाही. फक्त एक बघायचं, काचही १.५८ ची बनवता येते, पण यंत्राच्या पट्टीवर काचेची रेघ एकच दिसते आणि खडा फिरवला तरी जागची हलत नाही, बेरिलच्या दोन दिसतात. बघताक्षणी कोणीच सांगू शकत नाही, सराफांनीही नाही.

खडेप्रेमी_नाशिक
खूप आभार ताई! मामांकडे न कापलेला एक दगड पण आहे, सहा बाजूंचा. दोन्ही सहा बाजूंचेच असतात ना?

सह्याद्री७७
हो, पण रेघा बघा. स्फटिकाच्या बाजूंवर आडव्या रेघा आणि वर टोक, बेरिलवर असल्या तर उभ्या आणि माथा बहुतेक सपाट. उन्हात तिरका धरला की दिसतात.