मदत हवी आहे: एआय एजंटसाठी क्लाउडच्या टूलचं वर्णन किती आणि कसं लिहावं?

नमस्कार मंडळी,

टीमसाठी एक एजंट (टूल वापरून कामं करणारं एआय मॉडेल) तयार करतेय. एडब्ल्यूएसवरचे (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवरचे) सर्व्हर, बकेट (फाइली ठेवायच्या जागा) आणि लॉग (नोंदी) यांची माहिती त्याने काढून द्यावी आणि सांगितल्यावर सर्व्हर बंद-चालू करावा, एवढंच काम. जोडणी एमसीपीने (मॉडेलला बाहेरची टूल जोडायच्या मानक पद्धतीने) केली आहे. ती नीट चालते, परवानग्याही लागल्या आहेत. घोडं अडलंय टूलच्या वर्णनांपाशी.

मॉडेलला आतला कोड दिसत नाही. टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा (कोणती माहिती कशा रूपात द्यायची याचा आराखडा) एवढ्यावरच ते निवड करतं. आमच्याकडे पहिली वर्णनं एपीआयच्या डॉक्युमेंटेशनसारखी एकेका ओळीची होती: 'दिलेला इन्स्टन्स थांबवतो', 'दिलेला इन्स्टन्स टर्मिनेट करतो'. (इन्स्टन्स म्हणजे क्लाउडवरचा सर्व्हर, टर्मिनेट म्हणजे कायमचा काढून टाकणं.) क्लाउडवर रोज काम करणाऱ्याला तेवढं पुरतं. पण कुणी 'तो टेस्टिंगचा सर्व्हर बंद करून टाक' म्हटलं की एजंट कधी हे टूल उचलतो, कधी ते. थांबवलेला सर्व्हर पुन्हा सुरू करता येतो. टर्मिनेट केला की गेला, आणि डीफॉल्ट सेटिंग असेल तर त्याची रूट डिस्कही जाते. सध्या चाचणीच्या खात्यावर आहोत म्हणून ठीक आहे, पण हे असंच खऱ्या खात्यावर न्यायची माझी तयारी नाही.

आता थांबवण्याच्या टूलचं वर्णन असं लिहिलंय (ईसी२ म्हणजे एडब्ल्यूएसची सर्व्हरची सेवा, ईबीएस म्हणजे टिकणारी डिस्क, इन्स्टन्स स्टोअर म्हणजे तात्पुरती डिस्क):

'चालू ईसी२ इन्स्टन्स थांबवतो. नंतर पुन्हा सुरू करता येतो. ईबीएस डिस्कवरचा डेटा राहतो, इन्स्टन्स स्टोअरवरचा जातो. वापरकर्ता नुसतं "बंद कर" म्हणाला तर हेच टूल वापरा. इन्स्टन्स कायमचा काढायचा असेल तर हे वापरू नका. आयडी लागतो, नाव चालत नाही. नाव दिलं असेल तर आधी यादीच्या टूलमधून आयडी घ्या. उत्तर येतं तेव्हा इन्स्टन्स अजून थांबत असतो, म्हणून "थांबला" असं सांगण्याआधी स्थिती पुन्हा तपासा.'

याने निवड बरीच सुधारली. पण सगळ्या टूलची वर्णनं अशी लिहिली तर प्रत्येक विनंतीबरोबर तेवढा मजकूर मॉडेलकडे जाणार. मग काय ठेवायचं आणि काय गाळायचं? दुसरा प्रश्न बकेटचा. एस३ (एडब्ल्यूएसची बकेटची सेवा) एका वेळी जास्तीत जास्त १००० फाइलींची यादी देतं आणि एजंट बिनदिक्कत सांगतो, 'बकेटमध्ये १००० फाइली आहेत.' हे वर्णनात लिहायचं का? तिसरं, एमसीपीत टूलला 'डिस्ट्रक्टिव्ह हिंट' (हे टूल काही नष्ट करू शकतं अशी खूण) लावता येतो. तो लावला की वर्णनातला इशारा काढून टाकला तर चालेल का?

प्रतिसाद १

तुमचं नवीन वर्णन चांगलं आहे, विशेषतः 'कधी वापरू नका' हे लिहिलंत ते. सारखी दिसणारी दोन टूल असली की तीच ओळ सगळ्यात जास्त उपयोगी पडते. टर्मिनेटच्या वर्णनातही उलट बाजूने लिहा.

काय कुठे ठेवायचं याचा माझा हिशेब असा: टूल निवडण्याआधी जे कळायला हवं ते वर्णनात, इनपुटमधलं एखादं मूल्य भरताना लागतं ते स्कीमातल्या त्या फील्डपाशी, आणि काम झाल्यावर लागतं ते उत्तरात. १००० फाइलींची गोष्ट तिसऱ्या गटातली. एस३च्या उत्तरात यादी अर्धवट आहे की नाही ते येतं आणि पुढच्या पानाचा टोकनही (यादीचा पुढचा भाग मागायचा संकेत) येतो. तुमच्या टूलने त्यावरून उत्तरातच सरळ वाक्य घालावं: 'यादी अपूर्ण आहे, पुढच्या फाइलींसाठी हा टोकन देऊन पुन्हा मागा.' एररचंही तेच. नुसतं 'इनपुट चुकीचं' असं परत आलं तर मॉडेल अंदाज बांधत बसतं. 'आयडी "i-" ने सुरू होतो, तुम्ही नाव दिलंय' असं आलं तर ते स्वतः सावरतं.

आणि वर्णन फार लांबायला लागलं तर एकदा टूलकडेच बघा. क्लाउडवॉचच्या (एडब्ल्यूएसच्या देखरेखीच्या सेवेच्या) लॉगमध्ये इव्हेंट गाळून मागवताना वेळ मिलिसेकंदांत द्यावी लागते, तर त्यातल्याच इन्साइट्स या शोधसुविधेच्या क्वेरीला सेकंदांत. हे मॉडेलला समजावत बसण्यापेक्षा दोन्ही टूलनी टाइमझोनसकट तारीख-वेळ घ्यावी आणि आकडेमोड कोडने करावी. वर्णनातल्या चार ओळी तिथेच वाचतात.

प्रतिसाद २

हिंटबद्दल. एमसीपीच्या स्पेसिफिकेशनमध्येच त्याला हिंट म्हटलंय. क्लायंट (मॉडेल चालवणारं अ‍ॅप) त्यावरून वापरकर्त्याला खात्री विचारेल किंवा विचारणार नाही, आणि मॉडेलपर्यंत तो पोचेल की नाही हे क्लायंटवर अवलंबून. तेव्हा हिंट लावा, पण इशारा वर्णनातून काढू नका.

आणि वर्णन कितीही चोख असलं तरी कुलूप म्हणून त्यावर विसंबू नका. एजंटच्या आयएएम रोलला (एडब्ल्यूएसमध्ये परवानग्या ठरवणाऱ्या भूमिकेला) टर्मिनेटची परवानगीच देऊ नका, किंवा ठरावीक टॅग असलेल्या इन्स्टन्सपुरतीच द्या. महत्त्वाच्या सर्व्हरवर टर्मिनेशन प्रोटेक्शन लावा. ईसी२च्या कॉलला ड्राय रनही असतो. परवानगी आहे की नाही ते काहीही न बदलता कळतं.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. तीन गटांची विभागणी फार पटली. यादीच्या टूलच्या वर्णनातला निम्मा मजकूर आता उत्तरात हलवतेय आणि टर्मिनेट एजंटच्या रोलमधून काढतेय.

एक शंका राहिली. वर्णनात एखादा शब्द बदलला की दुसऱ्याच टूलची निवड बिघडते. हे वेळीच कसं पकडता?

प्रतिसाद १

टीममधले लोक प्रत्यक्षात ज्या शब्दांत मागतात ती वाक्यं जमवा, 'बंद करून टाक'सारखी मोघम तर आवर्जून. प्रत्येकापुढे अपेक्षित टूल लिहून ठेवा. मोघम वाक्यांपुढे 'आधी विचारावं' हेही उत्तर असू शकतं. वर्णन बदललं की सगळी वाक्यं पुन्हा चालवायची, आणि एकेक वाक्य अनेकदा, कारण तेच वाक्य मॉडेल दर वेळी सारखंच घेईल असं नाही. वाक्यं तुम्ही स्वतः रचू नका, टीमच्या चॅटमधून जशीच्या तशी उचला.