मदत हवी आहे : जोमसोमचे विमान रद्द झाल्यास दुसऱ्या दिवशी जागा कशी मिळते?

ऑक्टोबरमध्ये आई-वडिलांना नेपाळमधील मुक्तिनाथच्या दर्शनाला न्यायचे असून पोखरा ते जोमसोम हा जेमतेम वीस मिनिटांचा टप्पा ट्विन ऑटरसारख्या लहान विमानाने करायचा आहे. जोमसोम ज्या काली गंडकी नदीच्या दरीत आहे, तिथे दुपारकडे वाऱ्याचा जोर इतका वाढतो की उड्डाणे सकाळीच उरकावी लागतात. पोखऱ्यालाच ढगांमुळे उशीर झाला तर तो दिवस हातचा जातो. वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्याने जीपचा खडबडीत रस्ता शक्यतो नको आहे. परतीसाठी दोन दिवस राखून ठेवले आहेत. विमान कंपनीकडे ईमेलने विचारणा केली, परंतु ‘हवामानावर अवलंबून’ एवढेच उत्तर आले. रद्द झालेल्या विमानातील प्रवाशांना दुसऱ्या दिवशी आधी जागा देतात, की त्या दिवशीच्या प्रवाशांनंतर उरली तरच?