हॉफमन आधी, पेप नंतर
दहशतवाद समजून घ्यायला ब्रूस हॉफमनचं 'इनसाइड टेररिझम' हे पुस्तक आधी वाचावं की रॉबर्ट पेपचं 'डाइंग टू विन', असा प्रश्न आहे. माझं मत ठामपणे हॉफमनला. मात्र १९९८ची जुनी प्रत नको, २०१७ची तिसरी आवृत्ती घ्या. मधल्या काळात अल कायदा आणि आयसिसमुळे विषयच पालटलाय. पेप (२००५) फक्त आत्मघाती हल्ल्यांवर लिहितो. धर्मापेक्षा परकीय सैन्याचा ताबा हे मूळ कारण, हा त्याचा दावा. मांडणी जबरदस्त आहे! पण ताबा असूनही जिथे असे हल्ले झालेच नाहीत, त्या ठिकाणांशी पुरेशी तुलना त्याने केली नाही, हा टीकाकारांचा आक्षेप मला पटतो. सरकारी हिंसेसकट व्यापक चित्र हवं असेल तर चार्ल्स टिलीचं 'द पॉलिटिक्स ऑफ कलेक्टिव्ह व्हायलन्स' (२००३) बघा.