मदत हवी आहे: असिमॉव्हची 'फाउंडेशन' मालिका कुठून सुरू करू?

आयझॅक असिमॉव्हची फाउंडेशन ही विज्ञानकथांची मालिका वाचायला घ्यायची आहे. पुस्तकं सात, शिवाय रोबॉट आणि एम्पायर हे जोडलेले संच वेगळे. कथेतल्या काळानुसार 'प्रिल्यूड टू फाउंडेशन' आधी येतं, पण ते १९८८ चं आणि मूळ 'फाउंडेशन' १९५१ चं. कोणता क्रम धरू? रोबॉटची पुस्तकं आधी वाचावी लागतात का? स्पॉयलर टाळा, प्लीज.

प्रतिसाद १

प्रकाशनाचा क्रम धरा. 'फाउंडेशन', 'फाउंडेशन अँड एम्पायर' (१९५२), 'सेकंड फाउंडेशन' (१९५३) ही तीन सलग वाचा. प्रिल्यूडने सुरुवात मुळीच करू नका. मूळ पुस्तकात हॅरी सेल्डन (ज्याच्या योजनेवर सगळी मालिका उभी आहे तो गणिती) पहिल्या भागापुरताच प्रत्यक्ष भेटतो, नंतर फक्त ध्वनिचित्रफितीतून बोलतो. त्या दुराव्यातच त्याचा दरारा आहे. प्रिल्यूडमध्ये तो जीव वाचवत पळणारा तरुण गणिती आहे. तो आधी भेटला की दरारा संपला.

गोंधळ होतो तो प्रिल्यूडमधल्या लेखकाच्या टिपणामुळे. त्यात कथाकाळानुसार यादी आहे. पण या क्रमाने वाचावं असं सांगताना 'कदाचित' हा शब्द त्यानेच घातलाय!

प्रतिसाद २

क्रमाबद्दल सहमत. बहुतेकांची गाडी अडते ती पहिल्याच पुस्तकात, कारण ते कादंबरी समजून वाचलं जातं. त्याचे पाच भाग आहेत. चार १९४२ ते १९४४ दरम्यान मासिकात कथा म्हणून आले होते, पहिला भाग पुस्तकासाठी नंतर लिहिला. दोन भागांमध्ये कित्येक वर्षं निघून जातात, आवडलेली माणसं पुढच्या भागात नसतात. म्हणून एक भाग एका बैठकीत संपवा आणि मगच थांबा. प्रत्येक वेळी एवढंच पाहा: पेच काय होता, आणि बळ न वापरता तो कसा सुटला? लढाया बहुतेक पडद्याआडच होतात, पानावर असतात ती खोलीत बसून बोलणारी माणसं.

दुसऱ्या पुस्तकाचा उत्तरार्ध हा मालिकेचा कळस. तो वाचून होईपर्यंत मलपृष्ठ, विकिपीडिया काहीही उघडू नका. पहिलं पुस्तक कोरडं वाटलं तरी इथपर्यंत याच.

प्रतिसाद ३

रोबॉटबद्दल: पहिल्या तीन पुस्तकांसाठी गरज नाही. 'फाउंडेशन्स एज' (१९८२) सुद्धा त्यांच्याशिवाय कळतं. पण 'फाउंडेशन अँड अर्थ' (१९८६) उघडण्याआधी थांबा आणि या क्रमाने चार वाचा: 'द केव्हज ऑफ स्टील' (१९५४), 'द नेकेड सन' (१९५७), 'द रोबॉट्स ऑफ डॉन' (१९८३), 'रोबॉट्स अँड एम्पायर' (१९८५). पहिल्या तीन चक्क खुनाच्या तपासकथा आहेत, भराभर होतात. हे चार गाळले तर 'अर्थ'चा शेवट नुसता एक खुलासा वाटतो, धक्का बसत नाही.

एम्पायरची तीन पुस्तकं सोडली तरी काही अडत नाही. प्रिल्यूड आणि 'फॉरवर्ड द फाउंडेशन' (१९९३) सगळ्यात शेवटी.

धागाकर्ता

आभार! पहिली तीन वाचून थांबलं तर अर्धवट वाटेल का?

प्रतिसाद २

नाही. 'सेकंड फाउंडेशन'च्या शेवटच्या पानांवर मुख्य कोडं सुटतं. सेल्डनची योजना मात्र हजार वर्षांची आहे आणि तोवर चारशेही झालेली नसतात. पण त्यासाठी पुढे वाचणार असाल तर आधीच सांगतो: 'फाउंडेशन्स एज' आणि 'फाउंडेशन अँड अर्थ' या दोन्ही पुस्तकांत कथा पाचशेच्या आसपासच आहे. हजारावं वर्ष असिमॉव्हने लिहिलेलंच नाही.